हळदीचा हात

बाहुबली मगदुमांनी चातुर्मासात चोरून पालक खाल्ला, असं यंत्राचं म्हणणं होतं. यंत्र त्यांच्याच मुलीनं बनवलेलं, त्यामुळे त्याला खोटं पाडायची घरात कुणाची छाती नव्हती.

मगदुमांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत होती. मुलगी त्रिशला पुण्याला शिकली, प्रकाशाच्या शास्त्रात तिनं डॉक्टरेट केली आणि पस्तिशीच्या आत ‘कांती’ नावाचं यंत्र काढलं. आता कांती घरोघरी होतं. न्हाणीघराच्या आरशाखाली एक काचेची पेटी, सकाळी हात धुतला की तळहात तिच्यावर ठेवायचा आणि समोर अंक उमटायचा. लोक पूर्वी वजन सांगत तसा आता अंक सांगत. लग्न जमवताना पत्रिकेच्या आधी अंक विचारला जाऊ लागला, तेव्हा त्रिशलाला थोडं कसंतरी झालं होतं, पण थोडं बरंही वाटलं होतं.

भाद्रपदातल्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वासाठी ती घरी आली होती. जैनांच्या घरात पावसाळ्याचे चार महिने पालेभाजी बंद असते, पानांवर बारीक जीव असतात म्हणून. गाजर, बीट, रताळं ही जमिनीखालची मंडळी तर बारा महिने उंबऱ्याबाहेर. हळद तेवढी वाळवलेली म्हणून चालते, नाहीतर मगदुमांचा धंदाच बसला असता. अशा घरात पावसाळ्यात सगळ्यांचा अंक उतरायलाच हवा. आईचा उतरला होता, बावन्नावरून त्रेचाळीसवर. आप्पांचा मात्र त्र्याहत्तर होता तो चौऱ्याहत्तर झाला.

“आप्पा,” त्रिशला नाश्त्याच्या वेळी हसत म्हणाली, “खरं सांगा. यार्डातल्या हॉटेलात पालकभजी खाताय ना?”

तिनं ते चेष्टेत विचारलं होतं. आप्पांचा उपम्याचा चमचा मात्र वाटेतच थांबला.

“मी पालक खाल्लो नाही.”

“मेथी?”

“मी काय पण खाल्लो नाही. तुझ्या पेटीला सांग.”

आई, पद्मावतीबाई, ओट्याशी उभ्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी चातुर्मास पाळला होता आणि नवऱ्याकडून पाळून घेतला होता. त्या वळल्या, नवऱ्याकडे बघितलं आणि परत वळल्या. त्रिशलाला वाटलं, आपण उगाच तोंड उघडलं.

पण यंत्रावर तिचा विश्वास होता, आणि तो आंधळा नव्हता. आई कच्ची केळी भाजीला चिरते तेव्हा फोडी लगेच ताकाच्या पाण्यात टाकते, नाहीतर त्या काळ्या पडतात. हवेतला प्राणवायू त्यांना काळं करतो. हाच प्राणवायू आपण श्वासानं आत घेतो आणि त्याच्यावर जगतो. पण पेशींत तो जळताना काही अर्धवट, खवळलेले रेणूही तयार होतात, आणि जे समोर येईल त्याला ते इजा करत सुटतात. त्यांना आवरायची व्यवस्था शरीराकडे असते. फळांतली आणि भाज्यांतली काही द्रव्यं त्या व्यवस्थेला हातभार लावतात. याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. वीस-तीस वर्षं ताटात रंग असला तर रक्तवाहिन्या, डोळे, हृदय जरा सावकाश म्हातारे होतात, एवढंच, पण हे एवढंच पुष्कळ असतं.

भोपळा, पपई, आंबा, पालेभाज्या यांच्यात पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं असतात. पालकातही असतात, हिरव्या रंगाखाली झाकलेली. ती खाल्ली की रक्तातून फिरत कातडीत येऊन बसतात, आणि त्यांना निळा प्रकाश गिळायची सवय असते. कांती तळहातावर निळा प्रकाश टाकतं आणि त्यातला किती परत आला ते मोजतं. जेवढा कमी परत येईल तेवढा अंक मोठा. गेल्या महिना-दोन महिन्यांत माणूस कसा जेवला ते त्यावरून कळतं. हा अंक जेवणाची खूण होता, औषध नव्हे. काही लोकांनी गोळ्या गिळून अंक वाढवला, पण त्यांच्या तब्येतीत फरक पडला नाही. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांना तर अशा गोळ्यांनी अपायच होतो हे फार पूर्वीच सिद्ध झालं होतं. त्रिशला प्रत्येक भाषणात हे सांगायची. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाताना गोळ्या घ्यायचे.

तिचा सगळ्यात लाडका आलेख सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांचा होता. दर पावसाळ्यात त्यात एक खळगा पडायचा आणि दिवाळीनंतर भरून यायचा. “आमच्या यंत्राला चातुर्मास कळतो,” असं ती परिषदांत म्हणायची, आणि सभागृह हसायचं. आता तिच्याच घरात तो खळगा एका माणसापुरता बेपत्ता होता.

विमा कंपन्यांनी या अंकावर आणखी एक मजला चढवला होता. ज्यांचा अंक वर्षानुवर्षं सत्तरच्या वर, त्यांच्यात मधुमेह आणि हृदयविकार इतका कमी सापडायचा, की अशा म्हाताऱ्यांना दरवर्षीची रक्ततपासणी माफ केली होती. आप्पांना हे फार आवडलं होतं. लिलावात भल्याभल्यांना न भिणारा हा माणूस सुई दिसली की बाहेर काम काढायचा. लागोपाठ चार वर्षं त्यांना माफी मिळाली होती आणि चारही वर्षं त्यांनी यार्डात पेढे वाटले होते.

दोन दिवस घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं. आप्पा दुकानातून येत, दिवस मावळायच्या आत जेवत, आणि मोजे न काढताच पलंगावर आडवे होत. पद्मावतीबाई समोर ताट ठेवत आणि देवघरात जाऊन बसत. तिसऱ्या दिवशी आप्पांनी भोपळ्याच्या भाजीला नुसतं बोट लावलं आणि ताट सरकवलं.

“भोपळा कशाला आवडेल आता,” पद्मावतीबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

आप्पा उठले. “चाळीस वर्षं संसार केलो तुझ्यासंगं. माझा शब्द नको, काचेचा पायजे होय तुला?”

“काच कशाला खोटं बोलेल? तिला काय लपवायचंय?”

“मग काचेलाच वाढ,” आप्पा म्हणाले आणि चपला अडकवून निघाले. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. त्रिशलानं ते पाहिलं, पण तेव्हा तिला तो रागच वाटला.

थोड्या वेळानं ती त्यांना समजावून आणायला यार्डात गेली. पिशवीत नमुन्याचं छोटं कांती होतं, सवयीनं राहिलेलं. लिलाव आता पडद्यावर होत असत. दुबईचा व्यापारी दुबईत बसून ढिगाचं चित्र बघायचा आणि भाव टाकायचा. तरी आप्पा चित्रावर माल घेत नसत. ते ढिगात कोपरापर्यंत हात घालत, तळातलं एक हळकुंड काढत आणि कट्‌कन मोडत. वरून पॉलिश केलेलं हळकुंड पिवळंधमक दिसतंच, खरा रंग मोडल्यावर कळतो. आप्पांना आवाजावरून ते किती वाळलंय हेही कळायचं.

आताही ते तेच करत होते. मुलगी आलेली बघून त्यांनी मोडलेलं हळकुंड तिच्यापुढे धरलं. भांडण झालेलं असलं तरी चांगला माल दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

“बघ. आत कसलं केशरी आहे.”

त्रिशलानं ते घेतलं आणि लहानपणीसारखा ढिगात हात खुपसला. हळद थंड लागली आणि ओळखीचा वास वर आला. मग ती हात झटकत म्हणाली, “चला घरी, आप्पा. आई जेवली नाहीये.”

“तिला सांग, मी पालक खाल्लो नाही.”

“तुम्हीच सांगा. चला, हात धुऊन या.”

त्यांनी नळाखाली हात धुतला आणि पंच्याला पुसला. तिनंही धुतला. पुसताना तिची नजर स्वतःच्या तळहातावर गेली. धुऊनही रेघारेघांत पिवळा रंग बसला होता. ती बघत राहिली. मग तिनं आप्पांचा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला.

आप्पांचा तळहात पिवळा होता. तो कायमच पिवळा होता. तिला शाळेत सोडताना धरायचे तो हात पिवळा होता, तिच्या लग्नाच्या फोटोत डोक्यावर ठेवलेला हात पिवळा होता. यंत्राची चाचणी घेताना तिनं मेंदी तपासली, शाई तपासली, विड्याचा कात तपासला. मेंदी लागलेला हात यंत्र ओळखायचं आणि ‘नंतर या’ म्हणायचं. हळद तिला सुचलीच नाही. परक्या घरातल्या माणसाला पहिल्या दिवशी सुचली असती. तिच्या लेखी तो हळद लागलेला हात नव्हता, तो आप्पांचा हात होता.

तिनं पिशवीतून यंत्र काढलं. स्वतःचा हळदीत न घातलेला डावा हात ठेवला, अठ्ठेचाळीस. उजवा ठेवला, एकोणऐंशी. हळदीतलं पिवळं द्रव्य जवळपास तोच निळा प्रकाश गिळतं. यंत्राला ते रक्तातून आलं की ढिगातून, हे कळायला मार्ग नव्हता.

“काय झालं?” आप्पांनी विचारलं.

“सदऱ्याची बाही वर करा.”

तिनं दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं हळद कधी पोचत नाही तिथं, काच टेकवली. एकोणतीस. तिनं तीनदा लावून पाहिली.

आप्पांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे मी पालक खाल्लो नाही.”

“नाही खाल्ला, आप्पा.”

“मग चल की. तुझ्या आईला हे दाखव.”

त्रिशला मात्र जागची हलली नाही. आई आणि आप्पा एकाच भांड्यातलं जेवत होते. आईचा त्रेचाळीस आणि यांचा एकोणतीस, हे कसं? एक तर आप्पा भाजी ताटात सोडून पेढ्यांवर जगत होते, नाहीतर शरीरात असं काहीतरी चाललं होतं जे ही द्रव्यं भराभर संपवत होतं. आणि चार वर्षं त्यांच्या रक्ताचा थेंब कुणी बघितला नव्हता, कारण तिच्या यंत्रानं तशी गरज नाही म्हणून सांगितलं होतं. तिला आठवलं, आप्पा सारखं पाणी पितात. सदरा खांद्यावर ढगळ झालाय. आणि ते घरात मोजे घालतात.

“आप्पा, मोजे काढा.”

“इथं? दुकानात?”

“काढा.”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गादीवर बसले आणि उजवा मोजा हळूहळू सोलल्यासारखा काढला. अंगठ्याला हळदीचा जाड लेप होता. लेपाखाली अंगठा काळा पडला होता.

“चप्पल लागली होती,” आप्पा म्हणाले. “दुखत नाही म्हणून सोडून दिलो. म्हटलं, हळदीनं भरेल. अंक चांगला हाय म्हटल्यावर भरायलाच पायजे की.”

दुखत नव्हता, हेच वाईट होतं. साखर वाढली की पायाच्या नसा बधिर होतात आणि जखम कळत नाही, हे त्रिशलाला माहीत होतं. तिला तिथंच रडू आलं आणि ती रडली, हमालांसमोर.

डॉक्टर कोरे घराजवळचे, जुन्या ओळखीचे. त्यांनी आप्पांना सुई टोचली तेव्हा आप्पांनी मुलीचा हात धरला आणि दुसरीकडे पाहिलं. साखर चारशेच्या पुढे होती. “हे आजचं नाही,” कोरे म्हणाले. “चार-पाच वर्षांचं आहे. तपासण्या केल्या नाहीत?”

“माफ होत्या,” आप्पा म्हणाले. ते सांगताना त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

पाय वाचवायचा तर अंगठा काढावा लागणार होता. दुसऱ्या दिवशी तो काढला. पद्मावतीबाई शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मणी एकाच जागी थांबला होता.

त्रिशला व्हरांड्यात उभी राहून पुण्याशी बोलत होती. कंपनी तिची आणि श्रीरंग केळुसकरची होती. यंत्र ती बघायची, व्यवहार तो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आप्पांची मनापासून चौकशीही केली.

“दुरुस्ती किती दिवसांची आहे?” त्यानं विचारलं.

“दंडावर मोजायचं ठरवलं तर महिन्याभरात होईल.”

“मग महिन्यानं सांगू. दुरुस्तीसकट सांगितलं की लोक घाबरत नाहीत. आत्ता बोललो तर विमावाले सगळा करार मोडतील.”

“श्रीरंग, इथल्या गिरण्यांत बायका दिवसभर हळद निवडतात. सगळ्यांचे अंक ऐंशीच्या घरात आहेत. मला वाटायचं सांगलीचं जेवणच चांगलं आहे. मी त्यावर शोधनिबंध लिहिलाय.”

“एका महिन्यानं काय बिघडतं?”

आप्पांच्या खोलीच्या दाराच्या काचेतून तिला त्यांची चप्पल दिसत होती. पलंगाखाली कुणीतरी नीट जोडून ठेवली होती.

“अंगठा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक कांतीच्या काचेवर तिचा निरोप उमटला: ज्यांचे हात हळदीत असतात त्यांचा अंक खरा नाही, त्यांनी रक्त तपासून घ्यावं, चूक माझी आहे, त्रिशला मगदूम. रात्रीपर्यंत विमा कंपन्यांनी सगळ्यांचीच माफी थांबवली. श्रीरंगचा पुन्हा फोन आला नाही, त्याच्या वकिलाचा आला. कंपनी राहील की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. यार्डात डॉक्टर कोऱ्यांनी टेबल मांडलं आणि बायका रांगेत उभ्या राहिल्या. पिवळे हात पदराला पुसून त्या बोट पुढे करत होत्या. पहिल्याच दिवशी साखर वाढलेल्या बऱ्याच निघाल्या. त्यांतल्या एकीनं त्रिशलाला विचारलं, “म्हणजे पेटी टाकून द्यायची काय, बाई?” त्रिशलानं सांगितलं, “पेटी ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. पपई, भोपळा, आवळा, जांभळं खात राहा, त्याचा गुण खोटा नाही. हळदसुद्धा गुणाचीच, पण पोटात गेली तर. तळहातावर तो नुसता रंग आहे.”

पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. या दिवशी जैन माणूस लहानमोठा न बघता समोरच्यापुढे हात जोडतो आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. आप्पा आदल्या दिवशीच घरी आले होते. पाय उशीवर, पायाला पांढरं बँडेज, आणि बरेच दिवस यार्डात न गेल्यामुळे तळहात फिके पडलेले. ते हात बघून त्रिशलाला कुणा दुसऱ्याच माणसाचे वाटले.

ती पलंगाशी बसली. “उत्तम क्षमा, आप्पा.”

“पेटीसाठी?”

“तुमचा शब्द सोडून पेटीचा धरला, त्यासाठी.”

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “लोकांना लगेच सांगितलीस, ते बरं केलीस. मी असतो तर माल खपल्यावर सांगितलो असतो.”

मग पद्मावतीबाई आल्या. त्यांनी नवऱ्यासमोर हात जोडले.

“तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय, हे मला पेटीच्या आधी कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “जिना चढताना थांबत होता. माझ्या नजरेला नजर देत नव्हता. पेटीनं पालक म्हटलं आणि मला वाटलं, हेच ते. मी पालक धरून बसले आणि तुमचा पाय सडत होता. मला क्षमा करा.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. आप्पा बँडेजकडे बघत होते. त्रिशला उठायला लागली तशी त्यांनी तिला खूण करून बसवलं. मग त्यांनी बायकोसमोर दोन्ही हात जोडले.

“पालक नव्हता,” ते म्हणाले. “कोथिंबीरवडी होती. एकदाच. यार्डातल्या हॉटेलात गरम उतरत होती.”

पद्मावतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. कोथिंबीरसुद्धा पालाच.

“कधी?”

“श्रावणात. दोन खाल्लो.” आप्पांनी जरा थांबून मान खाली घातली. “तीन.”

त्रिशलानं तोंडावर हात धरला. तीन वड्यांनी अंक हलत नाही. तिच्या यंत्राला त्या दिसणंच शक्य नव्हतं.

पद्मावतीबाईंनी नवऱ्याचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, उलटे केले आणि फिक्या तळहातांवरून अंगठा फिरवला. “क्षमा केली,” त्या म्हणाल्या. “आता भोपळा खा.”

त्या वाढायला आत गेल्या.